निष्क्रिय वायू : निरंक

रकाना १. कार्यालयाचे नाव व पत्ता

जिल्हा रुग्णालय, वेणापूर. तळमजला, एमआरआय विभाग. दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं : चुंबक कायम चालू असतो. त्याखाली कुणीतरी पेनानं भर घातली होती : सरकारी खात्यात एवढाच.

संघमित्रा खोब्रागडे, सगळ्यांची मित्रा, त्या दाराआड सोळा वर्षं तंत्रज्ञ होती. यंत्राचा थंडावा सांभाळणारा पंप चोवीस तास चिक्-चिक् करत असे. नवख्या माणसाला तो आवाज डोक्यात जायचा. तिला तो फक्त थांबला तर ऐकू आला असता.

रकाना २. साठ्याचे वर्णन

यंत्राच्या पोटात बाराशे लिटर द्रवरूप हेलियम, आणि त्यात बुडालेली तारेची वेटोळी. तापमान उणे दोनशे एकोणसत्तर अंश. इतक्या थंडीत ती तार विजेला अडवणंच सोडून देते. एकदा सोडलेला प्रवाह आतल्या आत फिरत राहतो, बाहेरून काही न घेता, वर्षानुवर्षं. वेणापूरच्या तारेत सोळा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सोडलेला प्रवाह अजून फिरत होता. त्याच्या जोरावर माणसाच्या मेंदूतली हरभऱ्याएवढी गाठ दिसायची. हेलियम गेला की तार तापते, तार तापली की अडवायला लागते, आणि मग त्या अवाढव्य यंत्राचा उपयोग भिंतीला टेकू देण्यापुरता.

हेलियम कारखान्यात बनत नाही. जमिनीखालच्या किरणोत्सर्गी खडकांतून तो कोट्यवधी वर्षांत थोडा-थोडा साठतो आणि नैसर्गिक वायूच्या विहिरींतून वर येतो. निसटला की गेला. तो इतका हलका असतो की पृथ्वीलाही धरून ठेवता येत नाही. सरळ अवकाशात निघून जातो, कुठल्याही मंत्रालयाच्या मदतीशिवाय.

त्या वर्षांत जगातल्या दोन मोठ्या विहिरी आटल्या. तिसरी ज्या देशात होती तिथे लढाई पेटली. आणि नेमका तेव्हाच राष्ट्रीय चांद्र प्राधिकरणाला हेलियम हवा झाला. रॉकेटच्या टाकीतला द्रवरूप हायड्रोजन इंजिनात ढकलायला मागून दाब द्यावा लागतो, आणि त्या थंडीत दुसरा कुठलाही वायू गोठतो. उड्डाण झालं तरी हेलियम जातो. शेवटच्या मिनिटाला रद्द झालं तरी जातो. चांद्रखनि मोहिमेचं उड्डाण तोवर दोनदा रद्द झालं होतं.

मोहीम कशासाठी? चंद्रावरच्या मातीत हेलियमची एक दुर्मिळ जात सापडते, जिच्यातून पुढेमागे वीज काढता येईल म्हणतात, ती शोधायला.

मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत नवी यंत्रं होती, त्यांना चार-पाच लिटर पुरत. जिल्ह्यांच्या ठिकाणी जुनी, मोठ्या पोटाची. म्हणून परिपत्रक जिल्ह्यांना आलं, आणि ते असं आलं :

*आपल्या कार्यालयातील निष्क्रिय वायूचा साठा कळवावा. साठा नसल्यास निरंक अहवाल पाठवावा.*

दिल्लीहून निघालेल्या कागदावर जो शब्द होता त्याचा अर्थ, दुसऱ्या कशाशी संयोग न पावणारा वायू, असा होता. मुंबईत त्याचं मराठी झालं. वेणापूरला तो कागद भांडारपाल सदाशिव निखाडे यांच्या टेबलावर पडला. निखाड्यांच्या ताब्यात निष्क्रिय वस्तूंची एक अख्खी खोली होती. त्यात मोडकी स्ट्रेचर होती, एक पाय नसलेलं वजनकाट्याचं मशीन होतं, आणि दोन सायकली, ज्या कुणाच्या हे ते स्वतःही विसरले होते. निष्क्रिय म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"मॅडम, आपल्याकडं कोनता वायू नुसता पडून हाये काय जी?" त्यांनी दारातूनच विचारलं.

मित्रानं परिपत्रक वाचलं. दोनदा वाचलं. शेजारच्या जिल्ह्यात हेलियम उपसून नेणारा ट्रक येऊन गेल्याचं तिनं ऐकलं होतं. आत टेबलावर तेव्हा एक बाई डोळे मिटून पडली होती आणि यंत्र ठाकठाक करत होतं.

"नुसता पडून?" ती म्हणाली. "निखाडे, आपला तर एक मिनिट बसत नाही."

"मंग निरंक."

"निरंक."

असे चौदा महिने. दर महिन्याच्या पाच तारखेला निखाडे कोरी ओळ बघायचे, शाईच्या पेनानं वळणदार अक्षरात लिहायचे : निष्क्रिय वायू – निरंक. बाजूच्या तीन जिल्ह्यांची यंत्रं रिकामी झाली. तिथले रुग्ण वेणापूरला येऊ लागले. दिवसाला अकराचे अठरा झाले.

रकाना ३. (या रकान्यात खाडाखोड करू नये)

इथे खाडाखोड करता आली असती तर मित्रानं एक दुपार खोडली असती.

वैशाखी पौर्णिमा होती. धाकटा भाऊ प्रियदर्शन दोन वर्षांनी घरी आला होता. तो चांद्र प्राधिकरणात होता, अतिशीत द्रव विभागात. त्याला थंडीचं वेड मित्राच्याच खोलीत लागलं होतं. बारावीतला दर्शू यंत्रापुढे तासभर उभा राहून विचारत होता, "ताई, म्हणजे वीज आत फिरतेय आणि थकतच नाही?" पुढे तो जे काही झाला ते त्या प्रश्नातून.

खीर झाली, वाद सुरू झाला. तो दर वेळी व्हायचा.

"तुझ्या मोबाईलवरचा पावसाचा अंदाज कुठून येतो, ताई? वादळाच्या आधी किनाऱ्यावरची माणसं हलवतात ती कशाच्या जोरावर?"

"ते उपग्रह खाली बघतात. त्यांना मी कधी नाव ठेवलं? तुम्ही दोन माणसं पाठवून राहिलात माती चाळायला."

"शोध आधी निरुपयोगीच दिसतो. तुझं हे मशीन तरी काय? शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं, बघू या जास्तीत जास्त थंड किती करता येतं. तेव्हा लोक त्यालाही हसले असतील."

"हसले असतील. पण त्यानं कुणाच्या दवाखान्यातून वायू काढून नेला नव्हता."

दर्शू हसला. मग त्यानंच विचारलं, "पण तुमच्याकडे अजून कसा काय आला नाही ट्रक?"

आणि मित्रानं सांगितलं. निखाड्यांची नक्कल करून सांगितलं, सायकलींसकट. दर्शू इतका हसला की त्याच्या हातातली वाटी कलंडली. डावा हात होता. वाटी कलंडलेली त्याला कळायला जरा वेळच लागला. तिनं फडक्यानं खीर पुसली आणि पुढची नक्कल केली.

रकाना ४. साठा ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव

प्रियदर्शन खोब्रागडे.

जून महिन्यातला सोमवार, सकाळी दहा. आवारात एक पांढरा ट्रक उभा राहिला. मागे माणसाच्या उंचीच्या चार स्टीलच्या टाक्या, बाजूला चंद्राचं चित्र आणि घोषवाक्य : *तुमचा जिल्हा, तुमचा चंद्र.* ट्रकमधून भाऊ उतरला. गळ्यात ओळखपत्र, हातात आदेश. आदेशात आता निष्क्रिय हा शब्द नव्हता. स्पष्ट लिहिलं होतं : हेलियम.

"तू सांगितलंस," मित्रा म्हणाली.

"तिसरं उड्डाण शुक्रवारी आहे. आम्हाला हजार लिटर कमी पडत होता. ताई, तीनशे माणसं आठ वर्षं—"

"तू सांगितलंस."

"हो."

व्हरांड्यात टोकन घेतलेली बेचाळीस माणसं होती. बातमी ट्रकच्या आधी पोचली होती. तीन दिवसांनी नंबर असलेलेही आजच येऊन बसले होते. पहिल्या बाकावर एक म्हातारा, टोकन नंबर सहा, ट्रकवरचं चित्र बघत होता.

"काय घेऊन चालले म्हने हे?"

"हेलियम, बाबा," दर्शू अदबीनं म्हणाला.

"अन् तिकडं काय आनाले चालले?"

दर्शू जरा थांबला. "हेलियमच. पण वेगळा."

"असं!" म्हातारा शेजारणीकडे वळला. "ऐकलं काय वो? विहीर सापडते का ते पाहाले घरचा माठ रिकामा करून राह्यले."

व्हरांडा हसला. दर्शूही हसला असता, पण बहीण हसत नव्हती.

"दोन वाजता उपसायला सुरुवात करावी लागेल," तो हळू म्हणाला. "आधी चुंबकातला प्रवाह उतरवायचा, मग भरायचं. बुधवारी दुपारपर्यंत टाक्या तळावर पोचल्या पाहिजेत."

"अर्ध्या तासाला एक. म्हणजे आठ होतील."

"तुझ्या हातात चार तास आहेत, त्यात जे बसेल ते."

"बाकीचे चौतीस तुझ्या हातात आहेत, दर्शू."

नंबर एकला तिनं आत घेतलं.

रकाना ५. (कार्यालयीन वापरासाठी. येथे काही लिहू नये)

बारा वाजता तो नियंत्रण खोलीत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. काचेपलीकडे पाचवा रुग्ण नळकांड्यात सरकत होता.

"ताई, माझा एक काढशील?"

"काय?"

"मेंदूचा. रजिस्टरमध्ये न घेता."

मित्रानं पडद्यावरची नजर काढली नाही. "कधीपासून?"

"चार महिने. डाव्या हाताला मुंग्या येतात. आणि ते... ते आपण ज्यानं कालवतो..."

"चमचा."

"चमचा. असे शब्द जातात. मग परत येतात." तो हसल्यासारखं करत होता. "प्राधिकरणाच्या डॉक्टरकडे गेलो तर मला त्याच दिवशी मोहिमेतून काढतील. रॉकेटच्या झडपांच्या तपासणीवर माझी सही आहे. शुक्रवारपर्यंत मला राहायचंय."

तिला ती वाटी आठवली. पुसलेली खीर आठवली. सोळा वर्षांत तिनं हजारो डोकी पाहिली होती, आणि घरातलं एक तिच्यापुढे बसून हसत असताना ती निखाड्यांची नक्कल करत होती.

"त्या कागदावर निरंक लिही," ती म्हणाली. "ट्रक परत पाठव. आत्ता काढते. पुढच्या महिन्यात परत काढते. लागेल तेवढे दिवस काढते."

"ते होणार नाही."

"मग तुला उद्या कोण तपासणार? परवा कोण?"

"मोठ्या शहरात मशीन आहेत की."

"या बेचाळीस लोकांना पण हेच सांगशील?"

काचेपलीकडे ठाकठाक चालू होती. मित्रानं खणातून टोकनची गड्डी काढली, वरचं फाडलं आणि त्याच्या हातात दिलं. त्रेचाळीस.

"बाहेर बस."

"ताई, मी तुझा भाऊ आहे."

"म्हणून तर दुपारी येऊनही मिळालं. बाकीचे पहाटे पाचला आलेत."

रकाना ६. साक्षीदार

तो खरंच बाहेर बसला. गळ्यातलं ओळखपत्र त्यानं शर्टाच्या खिशात सरकवलं. शेजारी टोकन नंबर नऊ होतं : वर्षा मडावी, वय एकोणीस, आणि तिचे वडील. पोरीला गेल्या पावसाळ्यापासून फिट यायच्या. दिवसाला दोन, कधी तीन.

"तुमचा कितवा, भाऊ?" मडाव्यांनी विचारलं.

दर्शूनं टोकन दाखवलं.

"अरारा. तुमचं कायचं लागते आता! ते ट्रकवाले दोन वाजताच बंद करतेत म्हने." मडाव्यांनी आवाज खाली घेतला. "आमाले बाई बोलल्या, आठ होतीन. आमचा नववा. एकानं राह्यलं, पाहा."

"काय होतं हिला?"

"आखडते. शेतात, चुलीपाशी, कुठंबी. डाक्टर म्हने, आतलं पाह्यल्याबिगर दवाई कोनती द्याची?" त्यांनी मुलीच्या भाजलेल्या मनगटावरची ओढणी नीट केली. "तुमाले काय होते?"

"मला?" दर्शू म्हणाला. "काही नाही. मुंग्या येतात."

आठवा रुग्ण एक वाजून चाळीस मिनिटांनी बाहेर आला. कुणीतरी हललं नव्हतं, कुणाची तपासणी लवकर आटोपली होती. वीस मिनिटं हाताशी उरली होती. वीस मिनिटांत एक मेंदू होतो, घाईनं, पण होतो.

मित्रा दारात आली. तिच्यासमोर एका बाकावर दोघं बसले होते, नऊ आणि त्रेचाळीस. नियमानं नऊ. पण ती भावाकडे बघत राहिली. तो नुसता उभा राहिला असता तरी तिनं त्याला आत ओढलं असतं, मडाव्यांच्या नजरेसमोर, आणि ते पाप जन्मभर वागवलं असतं. त्यानं मडाव्यांच्या पोरीकडे बोट केलं असतं तरी चाललं असतं. तिला तिचा भाऊ परत मिळाला असता.

दर्शू उठला.

त्यानं खिशातून ओळखपत्र काढून गळ्यात सरळ केलं. टोकन बाकावर ठेवलं.

"ताई, सुरू करू या," तो म्हणाला. "झालेच दोन."

"एक चाळीस झालेत."

"नळ्या जोडायला वेळ लागतो."

तेव्हा तिला कळलं. त्याला वेळ कमी पडत नव्हता. त्याला बघायचंच नव्हतं. चंद्राची कधी न दिसणारी बाजू बघायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या कवटीच्या आत डोकवायची भीती वाटत होती. आत काही दिसलं तर शुक्रवार हातचा गेला असता. ती वीस मिनिटं हाताशी राहिली असती आणि बहिणीनं त्यालाच हाक मारली असती तर त्याला नाही म्हणायला कारण उरलं नसतं, म्हणून त्यानं तीही उपसून घेतली. त्याची आणि नंबर नऊचीही.

"बाई," मडावी उभे राहिले, "अजून टाइम हाये ना? घड्याळात—"

"यांना विचारा," मित्रा म्हणाली. "हे साहेब आहेत."

मडाव्यांनी मघापासून शेजारी बसलेल्या माणसाच्या गळ्यातली पट्टी वाचली. अक्षर लावून वाचली. त्यांनी शिवी दिली नाही. ते फक्त बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

रकाना ७. शिल्लक

सोळा वर्षं फिरणारा प्रवाह उतरायला पाऊण तास लागला. मग टाक्या भरल्या. नळ्यांवर बर्फ चढला, जमिनीलगत पांढरं धुकं सरकलं. व्हरांड्यातली माणसं ते बघायला खिडकीशी आली होती, कारण घरी जाऊन सांगायला निदान तेवढं तरी हवं होतं. संध्याकाळी पाचला तंत्रज्ञांनी पंप बंद केला.

मित्राला त्याचा आवाज ऐकू आला.

निघताना ट्रकवाल्यांनी भिंतीवर एक गोल चकचकीत पाटी ठोकली : *चांद्रदाता जिल्हा.* निखाडे ती वाचून आत आले. "मॅडम," ते म्हणाले, "हे मशीन आता माह्या खोलीत येईन काय जी?"

"मावणार नाही," ती म्हणाली.

"तसं नाही. नोंद कशी करू?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "आता निष्क्रियच लिहा लागन."

रकाना ८. संकलनामुळे रुग्णसेवेवर झालेला परिणाम

उड्डाण शुक्रवारी झालं. या वेळी अडलं नाही. वेणापूरचा हेलियम टाक्यांमागे दाब देऊन काही मिनिटांत संपला. शाळांना सुट्टी होती, चौकात मोठा पडदा होता. नंतर मातीचे नमुने आले. त्यांत ती दुर्मिळ जात होती, पण एका वेळचा चहा उकळेल एवढी ऊर्जा द्यायलाही किती माती चाळावी लागेल यावर तज्ज्ञांत मतभेद होते. पुढच्या मोहिमेची घोषणा त्याच आठवड्यात झाली.

तोवर मित्रानं त्या दिवशी राहिलेल्या चौतीस जणांची चौकशी करून यादी काढली होती. मग हा अर्ज आला. आठव्या रकान्यापुढे एकच ठिपक्यांची ओळ, बोटभर लांब. तिच्यात एकच शब्द मावेल अशी.

जिल्हा शल्यचिकित्सक डॉ. ठवकर स्वतः खाली आले. "खोब्रागडे, निरंक लिहून टाका. सगळ्या जिल्ह्यांनी तेच लिहिलंय. पंधरा तारखेला जिल्ह्याचा सत्कार आहे, तुमच्या भावाच्याच हस्ते."

"बघते, सर."

"बघायचं काय त्यात? चौदा महिने लिहिलंत की तुम्ही."

दुपारी दर्शूचा फोन आला. बोलताना तो मध्येमध्ये थांबत होता, अंधारात जिना उतरल्यासारखा.

"ताई, तो अर्ज... त्यात नावं नाही ना टाकणार? ठवकर म्हणाले तू यादी काढली आहेस."

"डॉक्टरांना दाखवलंस का?"

"दाखवेन. दुसरी मोहीम... मला प्रमुख करताहेत. ताई, माझं नाव त्यात आलं तर उद्या मला... ते दार असतं ना, त्याच्या बाहेर..."

"उंबरठा."

"उंबरठ्याबाहेर. तू असं करणार नाहीस."

"तू दाखव डॉक्टरांना. आज दाखव."

"पुढच्या उड्डाणानंतर."

तिनं फोन ठेवला. बंद यंत्राची खोली आता बाहेरच्याइतकीच गरम होती. खणात टोकनांची गड्डी होती, आणि वेगळं ठेवलेलं एक टोकन, बाकावरून उचललेलं.

"निखाडे," तिनं हाक मारली, "पुरवणी कागद आहेत का?"

"किती लागन?"

"द्या दोन-तीन."

बोटभर ओळीत तिनं लिहिलं : *पुरवणी जोडली आहे.* मग पुरवणीवर पहिल्यापासून सुरुवात केली. झालेले आठ सोडून.

*९. वर्षा गोविंदा मडावी, १९. फिट येणे. तपासणी झाली नाही. विभागीय रुग्णालयात साडेतीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. दरम्यान चुलीवर पडून दोन्ही हात भाजले.*

*१०. शेख रहीम शेख चाँद, ५२. कंबरेखाली जोर नाही. तपासणी झाली नाही. आता खाटेवर.*

*११. बेबीबाई उरकुडे, ६०. तपासणी झाली नाही. मृत.*

निखाडे खांद्यामागे उभे राहून वाचत होते. त्यांनी पेनातली शाई संपत आलेली बघितली आणि स्वतःचं पेन पुढे ठेवलं. पहिला कागद भरला. दुसरा भरला. बेचाळीसपाशी ती थांबली, जरा वेळ. बाहेर कुणीतरी येऊन बंद दाराची कडी हलवून गेलं.

मग तिनं तिसरा कागद ओढला.

*४३. प्रियदर्शन भीमराव खोब्रागडे, ३३. डाव्या हाताला मुंग्या, शब्द आठवत नाहीत. तपासणी झाली नाही.*

*कारण : रुग्ण हेलियम घेऊन गेला.*